वांग्यावर वाढलेलं भूत

मी पत्रकांवर वाढलो. आमचे आप्पा बेळगावच्या शहापुरात मागावर लुगडी विणत, आणि सूत आणायला बाजारात गेले की तिथं कुणी हातात दिलेलं प्रत्येक पत्रक घरी घेऊन येत. पत्रकात काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. फुकट मिळालेली वस्तू नाकारायची नाही, एवढंच त्यांचं तत्त्व. आई ती पत्रकं डब्यांच्या तळाशी घालायची. डब्यात जायच्या आधी ती मी वाचून काढत असे. परदेशी साखर का खाऊ नये, मांजर आडवं गेलं तर का थांबू नये, हुंडा का घेऊ नये, चहानं रक्ताचं पाणी कसं होतं, हे सगळं मी मिसरूड फुटायच्या आत पाठ केलं. मॅट्रिक झालो तेव्हा जगातल्या बहुतेक गोष्टींवर माझं ठाम मत होतं. ज्यांवर नव्हतं, त्यांवरचं पत्रक शहापूरपर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच.

दारूबंदीच्या एका पत्रकाच्या शेवटी ठळक अक्षरांत छापलं होतं : अर्धं सत्य म्हणजे पूर्ण लबाडी. ते वाक्य मला इतकं पटलं की मागाच्या खोलीत मी ते भिंतीवर कोळशानं लिहिलं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, त्याच भिंतीखाली बसून सुताच्या कांड्या भरायची. तिनं मान वर करून वाचलं आणि म्हणाली, "उद्या भिंत सारवायची हाय. सत्य पुसलं म्हणून बोंबलायचं न्हाय."

आक्काला बघायला निपाणीचे पाहुणे आले तो श्रावण होता. ते मूळचे आमच्यासारखेच विणकर, पण मुलाच्या वडिलांनी माग सोडून तंबाखूचा धंदा धरला होता. निपाणीत त्यांची वखार होती आणि गावाबाहेर तंबाखूचं थोडं रानही. मुलगा आणि त्याचे आई-वडील असे तिघं आले. मी या बघण्याच्या पद्धतीविरुद्ध होतो. बाजारात बैल बघतात तशी मुलगी बघणं ही मानवतेची विटंबना आहे, हे मी पाहुण्यांना दारातच ऐकवणार होतो. आक्कानं ते ओळखून सकाळीच बजावलं, "मानवतेचं मानवता बघून घेईल. तू पाट मांड." मी पाट मांडले, पण निषेध म्हणून वाकडे मांडले.

दिवेलागण झाली होती. मुलाच्या आईला खोकला येत होता, म्हणून आमच्या आईनं तिला आल्याच्या रसात मध घालून वाटी दिली. एवढ्यात खिडकीतून काहीतरी आत आलं. चिमणीएवढं. कंदिलाभोवती गिरक्या मारून आणि आप्पांच्या टोपीला धडक देऊन ते थेट त्या मधाच्या वाटीच्या काठावर उतरलं. बाईंनी पदरानं हाकललं, तर उडून जायच्या ऐवजी ते ओरडलं. पाखरू ओरडलं. चीं चीं, शेपूट धरलेल्या उंदरासारखं. आणि वाटी हातातच असल्यामुळे बाईंना ते अगदी जवळून दिसलं : पाठीवर पिवळट केसांत उमटलेलं माणसाचं मुंडकं. दोन काळे डोळे, खाली जबडा. मसणातली कवटीच.

"अगं बया, मढ्याचं तोंड हाय ह्येच्या पाठीवर," असं म्हणून त्यांनी वाटी आप्पांच्या मांडीवर ठेवली. पाटच वाकडा असल्यामुळे ती मांडीवर राहिली नाही.

सगळे उठले. मुलाचे वडील उठले, मधात भिजलेले आप्पा उठले. एकटा मुलगा तेवढा बसून होता. तो आईला म्हणाला, "बस की गं आये. गळा बरा हाय त्येचा."

आतल्या खोलीत दाराआड उभी असलेली आक्का हसली. हळू नाही, चांगली खदखदून. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं हसायची आमच्यात रीत नाही. पण तिचा निर्णय तिथं झाला होता.

मुलाच्या वडिलांनी जाताना आप्पांना सांगितलं, "पोरगी चांगली हाय. पर सुपारी फोडायच्या आधी असलं कायतरी आडवं आलं, तर देवाला इचारलेलं बरं. आमच्या देवाचा कौल घिऊ. उजवा दिला तर पुढं." कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची आणि कुठलं आधी पडतं ते बघायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मध्ये गौरी-गणपती होते आणि त्यामागून पितरांचा पंधरवडा, म्हणून कौल दसऱ्यानंतर घ्यायचं ठरलं. कवटीचा विषय पितरांच्या दिवसांत मुरत ठेवायचा, यापेक्षा वाईट मुहूर्त मला सुचवता आला नसता.

पाहुणे गेल्यावर आक्का म्हणाली, "मला ह्यो पसंत हाय."

आप्पा धोतर पिळत होते. "तुला कुणी इचारलंय?"

"म्हणून तर सांगते. आजवर आलेल्यांत उठून न पळालेला ह्यो एकच." मग ती माझ्याकडे वळली. "ते पाखरू त्येंच्या डोक्यातनं काढायचं काम तुझं. एवढी पत्रकं खाल्लीस, एकदा तरी उपयोगाला ये रं."

असं काम मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी दिलं होतं. मी बेळगावच्या वाचनालयात गेलो आणि कुणा साहेबानं लिहिलेला किड्यांवरचा जाडजूड ग्रंथ काढून घेतला. त्यात आमचा कंदिलावरचा पाहुणा, एका जातीचा मोठा पतंग, चित्रासकट सापडला. पुढचे पंख जळक्या लाकडासारखे करडे-तपकिरी, मागचे हळदीसारखे पिवळे आणि त्यांवर काळे पट्टे, पोटावर गांधीलमाशीसारखे आडवे वेढे, पाठीवर ती कवटी. सोंड आखूड आणि जाड. तिच्यातून वारा सोडून तो ओरडतो, आणि ओरडत ओरडत मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पिऊन येतो. इतरांच्या घरात शिरून खायचं आणि वर आवाजही करायचा, हे वाचून मला सरकारची आठवण झाली. त्याचं राज्य अरबस्तान-इराणपासून हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश करत चीन-जपानपर्यंत. साहेबाच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणतात. हा तर सूर्य मावळल्यावरच कामाला लागतो. अळी असताना तो काय काय खातो, तेही त्यात दिलं होतं. मी सगळं उतरवून घेतलं आणि घरी येऊन 'भूत की किडा?' अशा मथळ्याचं पत्रक लिहिलं.

आक्कानं ते वाचलं. "ह्ये वाचून निपाणीची म्हातारी आणखी भिईल. लिहितोस कशाला, दाखीव की."

दाखवायला जे हवं होतं ते आईच्या परसात सापडलं. भाद्रपदात वांग्याच्या झाडाची पानं एकाएकी नाहीशी व्हायला लागली, आणि उरलेल्या एका पानाच्या खाली ग्रंथातलीच अळी बसलेली दिसली. माझ्या मधल्या बोटाहून लांब आणि जाड. पोपटी-पिवळी, दोन्ही अंगांना जांभळट तिरक्या रेघा, आणि मागच्या टोकाला खरबरीत, वाकडं शिंग. हात लावला की दात वाजवून टकटक करायची. मी तिला फांदीसकट मातीनं भरलेल्या मडक्यात आणून ठेवलं आणि वर जाळीदार फडकं बांधलं.

आईनं डोकावून बघितलं. "लग्नाआधीच जावई आला म्हणायचा. तसंच खातंय."

आप्पांनीही बघितलं. "मान वर न करता काम करतंय. ह्येला मागावर बसवायला पायजे होतं." आणि उगाच माझ्याकडे नजर टाकली.

ती दिवसभर खायची आणि मिऱ्यांएवढ्या काळ्या लेंड्या टाकायची. घरची वांगी संपली तेव्हा मी शेजारच्या परसांतून पाला मागून आणू लागलो. पितरांच्या पानावर आमच्याकडे वांग्याची भाजी असते. त्या वर्षी पितरांची समजूत आईनं भोपळ्यावर काढली. मग एके दिवशी अळीनं खाणं सोडलं, अंगाचा रंग मातकट केला, मडक्यात अस्वस्थ फेऱ्या घातल्या आणि डोकं खुपसून मातीत गेली. आईला मोकळी माती बघवत नाही. तिनं वर कोथिंबीर पेरली. मी या प्रकाराचा निषेध केला, पण कोथिंबीर उगवली आणि आम्ही ती आमटीत घातली.

दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी त्या कोथिंबिरीतून तो पतंग होऊन वर आला. चुरगळलेले ओले पंख घेऊन काडीला लटकला आणि हळूहळू ताठ झाला. आक्का मडक्यासमोर उकिडवी बसली होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "ह्येच्यापायी अडलंय व्हय माझं." तिनं कापसाचा बोळा मधात भिजवून त्याच्यापुढे धरला. त्यानं सोंड खुपसली. "पी रं बाबा," ती म्हणाली. माझ्याशी ती इतक्या मायेनं कधी बोलली नव्हती.

कौलाला मुलगी समोर लागते, म्हणून आप्पा, आक्का आणि मी असे तिघं सर्व्हिस मोटारीनं निपाणीला निघालो. आई घरी राहिली. पतंग झाकणाच्या दुरडीत घालून मी मांडीवर घेतला होता. काकतीपर्यंत रस्ता बरा होता. पुढं प्रत्येक खड्ड्याला दुरडीतून चीं असा आवाज येऊ लागला. शेजारच्या बाईनं आपलं गठुडं उचलून डोक्यावर घेतलं. कंडक्टर मागे आला आणि म्हणाला, "उंदीर कुणाचा हाय? त्येचं तिकीट काढा."

मी उभा राहिलो. "हा उंदीर नाही, पतंग आहे. वैज्ञानिक कारणासाठी नेतो आहे."

"पतंग वरडतंय व्हय? ह्ये चिकोडीच्या बाजारात सांगून बग, दगड मारत्यात."

"खाली बस," आक्का म्हणाली.

आप्पा खिडकीतून अशा काही एकाग्रतेनं बाहेर बघत होते, की त्यांचा-आमचा संबंध आहे असं कुणाला वाटू नये.

निपाणीच्या घरात पाऊल टाकताच आम्ही तिघंही शिंकलो. ओसरीपासून माजघरापर्यंत तंबाखूचा वास भरला होता. मुलाच्या आईची नजर दुरडीवर गेली आणि त्या एक पाऊल मागे सरकल्या. मी वेळ न घालवता मध्यभागी उभा राहिलो.

"बंधूंनो आणि भगिनींनो," मी म्हणालो.

"भगिनी दोन, त्यातली एक तुझीच," मुलाचे वडील म्हणाले. "बोल."

मी झाकण उघडलं. पतंग दुरडीच्या कडेला येऊन बसला, आणि मी बोलू लागलो. हे भूत नाही, हा किडा आहे. तो आमच्या परसातल्या वांग्यावर वाढला. तो कोथिंबिरीतून वर आला आणि आमच्या आक्कानं त्याला मध पाजला. ज्याला कोथिंबिरीतून वर यावं लागतं त्याला मसणाशी कसलंही देणंघेणं नसतं. पाठीवरची कवटी म्हणजे केसांचा रंग. माणूस जिकडे बघेल तिकडे स्वतःचंच तोंड बघतो, म्हणून ती आपल्याला माणसाची वाटते.

मुलाच्या आई जरा पुढे आल्या. मी त्यांचं बोट धरून पतंगाच्या पाठीवर टेकवलं. पतंगानं चीं केलं, त्यांनीही केलं. मग त्यांनी स्वतःहून बोट पुन्हा टेकवलं. "मखमलीगत हाय गं," त्या आक्काला म्हणाल्या. आणि नवऱ्याकडे निरखून बघत, "तोंड मातर ह्यांच्यागत हाय."

मुलगा हसला, आक्का हसली, आणि शेवटी वडीलही हसले. जगात माझ्या भाषणानं काही बदलल्याचं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"बरं, आणि ह्ये खातंय काय काय?" वडिलांनी सहज विचारलं.

"मोठेपणी मध. अळी असताना झाडपाला. तीळ, वांगं, बटाटा, धोतरा, पांगारा, पावटा."

"गरीब जनावर हाय म्हणायचं," ते म्हणाले आणि आप्पांच्यापुढे पानाचं तबक सरकवलं. कौलाची आता नुसती रीत उरली होती. मी इथं बसायला हवं होतं. आक्का माझ्याकडे रोखून बघत होती, कारण मी तिला घरी सगळी यादी वाचून दाखवलेली होती. तिनं खोकून बघितलं. पण मी अर्धं सांगून थांबलो असतो तर दारूबंदीवाल्यांना काय तोंड दाखवणार होतो?

"आणि तंबाखू," मी म्हणालो.

तबक थांबलं. "काय म्हणालास?"

"तंबाखू. नेहमी नाही. मिळाली तर."

"माझ्या रानात उभं पीक हाय."

"हो."

"आणि तू ह्येला मोटारीत बसवून हितं आणलास."

आप्पा घाईघाईनं म्हणाले, "पोरगं पुस्तकातलं बोलायलंय, पाव्हणं."

"पुस्तकात आलंय म्हंजे खरंच असणार की."

मुलाच्या आई म्हणाल्या, "असू दे हो. भूत तर न्हाय न्हवं?"

"भूत बरं होतं," ते म्हणाले. "भूत पीक खात न्हाय."

त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि आता देवच काय ते सांगेल म्हणत देवळाकडे निघाले. दुरडी मागे राहिली तर तिच्यावर वहाण पडेल, म्हणून मुलानं ती उचलून काखेत मारली. वाटेत आक्का माझ्या बाजूनं चालत होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पावट्यावर थांबायचं होतंस रं."

देवळात दिवे नुकतेच लागले होते. गाभाऱ्यात काळी मूर्ती, तिच्यापुढे पंचामृताची तयारी : दूध, दही, तूप, साखर, मध, अशा वाट्या ओळीनं मांडलेल्या. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं फुलं चिकटवली. मुलाच्या वडिलांनी त्याच्या कानात काही सांगितलं, आणि त्यानं मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, शापूरची ही लेक. हिच्या पावलानं घरात बरकत येणार असंल तर उजवा दे. कीड येणार असंल तर डावा दे."

फुलं हलेनात. मुलाच्या वडिलांच्या उपरण्यात कायमची तंबाखूची पूड, त्यामुळे त्यांना शिंक आली. डावं फूल थरथरलं आणि पुन्हा टेकलं. आक्कानं माझा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा. मला पहिल्यांदाच एखाद्या दगडावरच्या फुलानं पडावं अशी तळमळून इच्छा झाली. माझ्या सर्व तत्त्वांच्या विरुद्ध मी उजव्या फुलाकडे डोळे लावून बसलो.

चीं, असा आवाज झाला. मुलाच्या काखेतल्या दुरडीचं झाकण उघडं होतं. पतंग माझ्या डोक्यावरून गेला, समईला वळसा घालून मूर्तीवर आपटला, खांद्यावरून घसरला आणि मधाच्या वाटीशी जाऊन बसला. त्याच्याबरोबर उजवं फूल खाली आलं.

"उजवा दिला," गुरव म्हणाला.

आक्काचा हात माझ्या हातात सैल पडला. तिथं मी गप्प बसेन असं तिला वाटलं असावं. पण डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट लपवली तर अंधश्रद्धेविरुद्ध पुन्हा कधी तोंड उघडता येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"हा कौल नाही," मी म्हणालो. "फूल देवानं पाडलं नाही. पतंगानं पाडलं. मी बघितलं."

आक्कानं माझ्या पायावर टाच दिली. देऊन तशीच ठेवली.

गुरव शांतपणे माझ्याकडे वळला. "फूल कुठं हाय?"

"खाली."

"कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"मग? देवानं ह्या कामाला कुणाला लावलं, ते इचारणारा तू कोण?"

"पण झाकण उघडं राहिलं म्हणून तो..."

"झाकण मी उघडलं," मुलगा म्हणाला. "आत घुसमटत होतं ते."

गुरवानं त्याच्याकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, आणि फूल उचलून आक्काच्या ओंजळीत टाकलं. "न्हवऱ्याकडनं कौल आला म्हणायचा. ह्याच्यापरास उजवा कुठं असतोय?"

मुलाचे वडील मात्र पतंगाकडे बघत होते. त्यांनी हळूच उपरणं काढून त्याचा पिळा केला. त्यांची बायको मध्ये उभी राहिली. "हात लावशीला तर बगा. देवाचं काम करून बसलंय ते."

"माझं पीक खातंय त्ये."

"मध खायालंय. तुमच्या पिकाकडं ढुंकून तरी बघितलं काय त्येनं?"

"त्येची पोरं बघत्यात की."

यावर मला सांगण्यासारखं बरंच होतं, पण टाच अजून पायावर होती. अखेर तिथंच गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर दोन्हीकडची माणसं टेकली आणि बोलणी सुरू झाली. पतंग बिचकून उडू नये म्हणून सगळे कुजबुजत बोलत होते. वडिलांनी कुजबुजत सांगितलं की त्यांना भांडी नकोत, कापड नको. पण ज्यानं कीड आणली त्यानं दरसाल येऊन तंबाखूवरच्या अळ्या वेचून द्यायच्या. आप्पांनी माझ्याकडे न बघता कुजबुजत हो म्हटलं. हुंड्याची बोलणी निघाली आणि आप्पांनी हुंड्यात मला देऊन टाकलं.

मी हुंड्याच्या विरुद्ध होतो. माणूस हुंड्यात देता येतो का, आणि तो माणूस स्वतः मीच असेन तर विरोध कोणत्या बाजूनं करायचा, याचा खुलासा करण्यासाठी मी उभा राहिलो. "बंधूंनो," मी म्हणालो.

गाभाऱ्यात पंख फडफडले. सगळ्यांनी श्वास रोखून आत बघितलं. पतंगानं जागा बदलली, वाटीच्या दुसऱ्या कडेला बसला आणि सोंड पुन्हा मधात घातली.

"बस खाली," आक्का म्हणाली. "त्याचं खाणं होऊ दे आधी."

मी बसलो. मुलाच्या आई कुजबुजल्या, "लई भूक लागलती बिचाऱ्याला." मग आम्ही सगळे त्याचं पोट भरायची वाट बघत राहिलो.